दिवा डावीकडून

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाच्या. सामानाची गाडी आमच्या आधी येऊन उभी होती आणि ड्रायव्हर कपाटाला टेकून चक्क घोरत होता. क्वार्टर छान आहे. दोन खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला जागा, आणि खिडकीतून प्रयोगशाळेची ती लांबुळकी पांढरी इमारत दिसते. चाळिशी उलटल्यावर का होईना, मला दारावर नावाची पाटी असलेली नोकरी मिळाली. इतकी वर्षं दर सहा महिन्यांनी करार वाढवून घेण्यासाठी ज्यांच्या पुढेपुढे केलं, त्या सगळ्यांना पाटीचा फोटो पाठवावा असं मनात आलं होतं. पाठवला नाही. मोठेपणा दाखवायची संधी फार कमी वेळा मिळते.

माझ्या धाकट्या बहिणीने, धाकटीने, आल्याआल्या पडदे लावले. पुढचं दार आतून बंद होतं ना, हे तिने तीनदा पाहिलं. नवऱ्याच्या घरून निघून आल्यापासून तिची ही सवय आहे. त्याने तिचा डावा हात दारात चिरडला होता. तेव्हापासून त्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी राहिली आहे, कप उचलला की ती एकटीच लांब उभी राहते. धाकटी म्हणते की करंगळीला माणसांची संगत आवडत नाही. मी तिला आज सांगितलं की या घरातून तुला कोणी परत पाठवणार नाही. ती म्हणाली, बघू, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आणि हसली.

५ मार्च, बुधवार

आज सगळी प्रयोगशाळा पाहिली. वर्णन लिहून ठेवते, कारण पुढे सवय झाली की काही दिसणार नाही.

आमचं काम आकाशातल्या मारामारीचं आहे. चंद्रावर, मंगळावर, लघुग्रहांवर दगड आदळून जे खड्डे पडले, ते इथे लहान प्रमाणात पाडून बघायचे. त्यासाठी एक तोफ आहे. तोफ म्हणजे छताला उभी टांगलेली लांब नळी. ती दाबलेल्या वायूच्या जोरावर मुगाएवढी धातूची गोळी खाली मारते. खाली पोलादाची मोठी टाकी. पंप लावून तिच्यातली हवा काढून घेतात. टाकीत दीड पुरुष खोल बारीक वाळू. एवढी खोल अशासाठी की उथळ वाळूत धक्का तळावर आपटून परत येतो आणि खड्डा बिघडवतो. टाकीच्या एका अंगाला कॅमेऱ्याची काच आहे आणि बरोबर समोरच्या अंगाला आत शिरायचं तोंड, सडपातळ माणूस जेमतेम जाईल एवढं. मी जाणार नाही. मी त्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंडाने माझ्याकडे पाहिलं, आणि आमचं एकमत झालं.

तोफ सांभाळणारे गृहस्थ साठीचे आहेत आणि आयुष्यभर धडाके ऐकून ठार बहिरे झाले आहेत. सगळे त्यांना तोफखाना म्हणतात. ते एवढ्या मोठ्याने बोलतात की नाव त्यांच्या कामावरून पडलं की आवाजावरून, कळत नाही. आमच्या संचालकांना मागून सपाटसाहेब म्हणतात, कारण दर प्रयोगानंतर त्यांचा एकच हुकूम असतो, सपाट करा. डोक्याचाही संबंध असावा.

इथला एक नियम तोफखान्यांनी मला पहिल्या तासातच ओरडून सांगितला: दिवा डावीकडून. खड्ड्याचा फोटो नेहमी डावीकडून तिरपा उजेड टाकून घ्यायचा. फोटोत खोली दिसत नाही, फक्त उजेड आणि सावली दिसते. उजेड कुठून येतो हे डोळ्याने चुकीचं धरलं, तर खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि टेकडी खड्ड्यासारखी. म्हणून इथे सकाळी भेटल्यावर लोक एकमेकांना कसे आहात असं विचारत नाहीत, ‘डावीकडून ना?’ असं विचारतात. मला हे फार आवडलं.

सध्या तोफ बंद आहे, कसलीशी कडी यायची आहे. गेल्या महिन्यात टाकीला आतून रंग दिला, तेव्हा दिवा काढला होता. नंतर वायरमनने टाकीच्या तोंडाशी उभं राहून तो परत बसवला. डावीकडे, डावीकडे, असं तोफखाना त्याला ओरडून सांगत होते म्हणे. वायरमन चिडून म्हणाला की मला डावंउजवं कळतं.

माझ्या जागेवर आधी एक बाई होत्या. रंगकामाच्या सुमारास न सांगता गेल्या. त्यांची छत्री अजून माझ्या खुर्चीला अडकवलेली आहे.

९ मार्च, रविवार

धाकटीला माझं काम काय ते समजावून सांगितलं. परातीत पीठ पसरलं, वर कोको भुरभुरला आणि स्टुलावर उभं राहून गोट्या टाकल्या. पांढरे खड्डे पडले, भोवती उंच कडा, आणि कोकोवर पांढऱ्या रेघा उडाल्या. तिने टाळ्या वाजवल्या. गोटी तिरकी मारली तर खड्डा लांबट होईल का, असं तिने विचारलं. मी सांगितलं की गोटीचं तसं होईलही, पण आकाशातला दगड बंदुकीच्या गोळीच्या कित्येक पट वेगाने येतो, तो थांबता थांबता फुटतो, त्यामुळे कुठूनही येवो, खड्डा जवळजवळ नेहमी गोलच पडतो. कुठून मारलं हे खड्ड्यावरून कळत नाही. खड्डाही दगडाच्या दहावीस पट मोठा. आणि दगड बहुतेक वितळून, वाफ होऊन जातो.

म्हणजे मार दिसतो, मारणारा सापडत नाही, असं ती म्हणाली. परात उचलून आत गेली आणि बराच वेळ ती घासत राहिली.

१४ मार्च, शुक्रवार

विचित्र गोष्ट. टाकी आठवडाभर बंद आहे, हवा काढलेली, पंपाची चाचणी म्हणून. तोफ मुकी. तरी आजच्या फोटोत वाळूवर पाच खड्डे आहेत. लहान, गोल, सुबक. चार जवळजवळ, एक जरा बाजूला.

सपाटसाहेब आधी घाबरले आणि मग त्यांचे डोळे चमकले. त्यांचा अंदाज असा की टाकीच्या नव्या रंगाचे कपचे छतावरून पडत असावेत. उंची थोडी, म्हणून सावकाश, आणि हवा नाही, म्हणून स्वच्छ आदळणं. ग्रह घडताना धुळीचे कण असेच हलके आपटून एकमेकांना चिकटत गेले, त्यामुळे या मंद टकरींना मोल आहे. मी म्हटलं की खड्ड्यांना कडा नाही, आजूबाजूला वाळू उडालेली नाही. ते म्हणाले की मंद टकरीत उडणार कशी? मलाही ते पटलं. पटायला हवं होतं. शोधनिबंध निघाला तर त्यावर माझं नाव येईल.

टाकी उघडून बघता येत नाही. हवा आत शिरली की तिच्या झोताने वाळू आपोआप सपाट होते. काच एकच, कॅमेरा एकच.

१६ मार्च, रविवार

फोटो घरी आणला होता. चहा पिताना टेबलावर ठेवून मी सावल्या मोजत होते. सावलीच्या लांबीवरून खोली काढता येते. धाकटी समोर बसली होती. तिने मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं की ही टेंगळं कसली, मुंगळा चावल्यासारखी?

मी खूप हसले. तिला म्हटलं, बाई, तू टेबलाच्या पलीकडून उलटा फोटो बघते आहेस, म्हणून तुला खड्डे वर आलेले दिसतात. इकडे येऊन बघ. ती आली, बघितलं, आणि कबूल केलं की हो, खड्डे आहेत. मग परत जागेवर जाऊन बसली आणि म्हणाली की इथून मात्र टेंगळंच आहेत. मी म्हटलं की म्हणूनच शिकलेली माणसं टेबलाच्या या बाजूला बसतात.

हे मी का बोलते कोण जाणे. ती कपाकडे वळली. करंगळी बाहेर काढून चहा प्यायली.

२० मार्च, गुरुवार

खड्डे रोज वाढताहेत. साहेबांनी निबंधाचं शीर्षकही ठरवलं. पहिलं नाव त्यांचं, हे न बोलता ठरलंच आहे. दुसरं माझं की पंपाच्या कंपनीचं, एवढाच प्रश्न.

आता वाळू हाताने नीट सपाट करून नवी सुरुवात करायची आहे. झोताने होते ती वरवरची. आधीच्या बाई आत जाऊन दाताळं फिरवायच्या. तोफखान्यांचे गुडघे गेले आहेत, माझं शरीर तर माहीतच आहे. साहेब म्हणाले की कोणी बारीक अंगाचं मिळेल का, रोजंदारीवर? मी धाकटीचं नाव सांगितलं. तिलाही घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं. ती इतकी खूश झाली की मलाच कसंतरी झालं.

२४ मार्च, सोमवार

धाकटी आज आत गेली. आत हवा सोडल्यावर वाळू सपाट झाली होती. आत एक फळी टाकलेली असते, तिच्यावर बसून तिने दाताळं फिरवलं. मी तोंडाशी उभी राहून तिच्या कमरेचा दोर धरला होता. काम छान केलं. तोफखान्यांनी तिची पाठ थोपटली आणि तिच्या कानात ओरडून शाबासकी दिली.

घरी येताना ती वाटेत थांबली. मग म्हणाली, वाळू कोमट आहे. मी म्हटलं, वरचा दिवा तापतो. ती म्हणाली की वरून कोमट नाही, खालून. आणि दाताळं दाबलं तर वाळू खाली जायला हवी ना, ती उलट दाबते. मी तिला वाळूच्या कणांचं घर्षण समजावलं. अर्धा रस्ता समजावलं.

तिला पटलं नाही. आपल्याला पटलेलं नाही हे ती हल्ली बोलून दाखवत नाही, फक्त हो म्हणते. असं हो म्हणायला तिला कोणी शिकवलं हे मला माहीत आहे. मी त्याच्या पंक्तीत जाऊन बसले, आणि हे मला आवडलेलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

आजच्या फोटोत पाचाचे दोन पुंजके. आणि मध्ये एक मोठा, उथळ, लांबट. त्यात आणखी लहान लहान. दोन वर, एक मध्ये, एक आडवा.

चेहऱ्याचा साचा असावा तसं. साचाच, कारण सगळं आत गेलेलं. मी फोटो ड्रॉवरमध्ये ठेवला, मग बाहेर काढला, मग परत ठेवला. लोकांना चंद्रावर ससा दिसतो. माणसाच्या डोळ्याला कुठेही चेहरा सापडतो.

आणि लांबट का? रंगाचे कपचे सरळ खाली पडतात. साहेबांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पगारवाढ मागितल्यासारखं पाहिलं.

आधीच्या बाईंबद्दल तोफखान्यांना विचारलं. ते म्हणाले की बाई भली होती, आत जायला घाबरायची, एक दिवस गेली. आत गेली की निघून गेली, असं मी दोनदा विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

शुक्रवारी पाहुणे येणार, त्याआधी वाळू सपाट हवी. धाकटी नाही म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी नाही म्हणाली, आणि ते मलाच.

खाली कोणीतरी आहे, मी आत जाणार नाही, हवं तर धुणीभांडी करीन, असं ती म्हणाली. माझं डोकं फिरलं. निबंध, पाटी, क्वार्टर, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी बोलले ते लिहिते, म्हणजे मला नंतर नाकारता येणार नाही. मी म्हटलं, नसेल जायचं तर आपल्या घरी जा, तो वाट बघतोय.

तिने करंगळी मुठीत धरली. मग म्हणाली, जाते ताई. टाकीत जाते.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी हवा सोडली. दोर तोफखान्यांनी धरला. साहेब पाहुण्यांसाठी मला कॅमेऱ्याच्या खोलीत घेऊन गेले. कॅमेरा आपोआप थोड्या थोड्या वेळाने एकेक फोटो काढतो.

पडद्यावर धाकटी आली. फळीवर बसलेली, पाठमोरी. तिची सावली वाळूवर पडली होती.

सावली डावीकडे होती.

मी बघत राहिले. दिवा डावीकडे, तर सावली उजवीकडे हवी. डावीकडे सावली, म्हणजे दिवा उजवीकडे. वायरमन टाकीच्या तोंडाशी उभा होता, आमच्या समोर. त्याने त्याच्या डावीकडे दिवा लावला. त्याची डावी बाजू म्हणजे आमची उजवी. तोफ बंद, त्यामुळे नव्या दिव्यात एकही खरा खड्डा कोणी पाहिला नव्हता. इथल्या एकेका माणसाने महिनाभर ते फोटो डावीकडच्या उजेडाने वाचले.

खड्डे नव्हते. एकही खड्डा नव्हता. टेंगळं होती. वरून काही पडत नव्हतं. खालून —

मी धावले. जिन्यात पडले. तोफखाना दोर धरून उभे होते, ताठ, नेमून दिल्यासारखे. दोर आत सैल पडला होता. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

वाळू सपाट होती. इतकी सपाट तर तिला कधीच जमली नव्हती.

५ एप्रिल

सगळी वाळू उपसली. मीही उपसली, नखं गेली. दाताळं सापडलं. तळ ठोकून पाहिला, भरीव. ती नाही.

चौकशीला आलेल्यांना साहेबांनी सांगितलं की बाई घरच्या कटकटीने त्रासलेली होती, मागच्या दाराने न सांगता गेली. चौकशीवाल्यांनी मला विचारलं, घरात भांडण झालं होतं का? मी हो म्हटलं.

७ एप्रिल

वाळू परत भरली. पंप लावला. पाहुण्यांना दुसरी तारीख दिली. मी कोणालाही दिवा हलवायला सांगितला नाही. असू दे तिथेच.

तिच्या नवऱ्याचा फोन आला. ती तुझ्याकडे लपली आहे, असं म्हणाला. मी म्हटलं, नाही. पहिल्यांदाच त्याच्याशी खरं बोलले. फोन ठेवला आणि पुढच्या दाराची कडी आतून लावली.

१० एप्रिल

फोटो. पाच.

टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले, तिच्या खुर्चीत. इथून दिसतं. बोटांची टोकं वर आलेली. आणि शेवटचं — करंगळीचं — लांब, एकटं, बाहेरच्या बाजूला.

ती आहे. खाली आहे. वर येते आहे.

साहेबांना दाखवलं. म्हणाले, वा, पुन्हा मंद टकरी सुरू झाल्या.

११ एप्रिल

आज तळव्यापर्यंत.

तोफखान्यांना फोटो उलटा धरून दाखवला. त्यांनी हात लावला नाही. रडले. म्हणाले, आधी पण असंच — आणि पुढे ओठ हलले नुसते. तो माणूस कुजबुजला. मला ऐकूच आलं नाही.

१३ एप्रिल, रविवार, दुपार

कोणी नाही. हवा मी सोडली. या वेळी वाळू सपाट झाली नाही.

तोंडातून शिरले. कशी शिरले विचारू नये, खांद्याची सालं तिथेच राहिली. फळीवर आहे, काचेकडे पाठ करून, धाकटी बसली होती तशी. वही गुडघ्यावर. साहेब उद्या म्हणतील न सांगता गेली, म्हणून सांगून ठेवते.

हात मनगटापर्यंत बाहेर आहे. सरळ. वाट बघत असल्यासारखा. करंगळी वाकडी — बाहेरच्या बाजूला — तीच — माझी धाकटी —

म्हटलं, चुकलं माझं, तुला कुठेही पाठवणार नाही. चल घरी.

डाव्या हाताने धरला. कोमट आहे. तिनेही धरला. घट्ट. इतकी ताकद कधीच नव्हती तिच्यात —

ओढते आहे. वर येत नाही. मीच —

फळी कलते आहे. थांब धाकटे, सावकाश —

अंगठा. अंगठा या बाजूला का? उजेड उजवीकडून, हे धरूनच बघते आहे — तळवा माझ्याकडे — मग अंगठा डावीकडे हवा —

तिचा डावा हात चिरडला होता. करंगळी डाव्या हाताची. हा उज